ब्रह्मदेश कोणत्या प्रदेशात? ‘प्रदेशाच्या घडणी’च्या सिद्धान्तांची एक चिकित्सा

पदवीच्या वर्गात ‘दक्षिण आशिया’ हा घटक बहुधा देशांच्या यादीने सुरू होतो : भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि २००७ पासून अफगाणिस्तान. ही यादी खरे तर सार्क या संघटनेच्या सदस्यांची आहे. एका आंतरशासकीय संघटनेचा हजेरीपट आपण भूगोलाची व्याख्या म्हणून शिकतो आणि परीक्षेत तसाच लिहितो. या हजेरीपटावर म्यानमार, म्हणजे जुना ब्रह्मदेश, नाही. भारताशी त्याची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही चार राज्ये तिला लागून आहेत. ३१ मार्च १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. लोकमान्य टिळकांना १९०८ च्या खटल्यानंतर मंडालेला नेले, तेव्हा सरकारच्या दृष्टीने हा एकाच राज्यकारभारातील एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात केलेला बदल होता. उलट दिशेने, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला रत्नागिरीत ठेवण्यात आले आणि १९१६ साली तो तेथेच वारला. आज मात्र यांगूनला जाणारा माणूस ‘आग्नेय आशिया’त जातो.

प्रदेश निसर्गाने दिलेले नसतात, ते राजकीय आणि सामाजिक प्रक्रियांतून घडतात, असे सांगणारे विपुल लेखन गेल्या चार दशकांत झाले आहे. रचनावादी दृष्टिकोनाचा हा एक स्थिरावलेला निष्कर्ष मानला जातो. प्रस्तुत लेखात या लेखनाची ब्रह्मदेशाच्या एका उदाहरणावर परीक्षा घ्यायची आहे. माझी मांडणी अशी की हे सिद्धान्त प्रदेश कसा घडतो ते बऱ्यापैकी सांगतात; तो मोडतो कसा, आणि मोडताना कोणाच्या पायाखालची जमीन जाते, याची त्यांच्याजवळ पुरेशी भाषा नाही. शिवाय ‘राजकीय आणि सामाजिक घडण’ हे शब्द एका दमात उच्चारले जातात, जणू दोन्ही प्रक्रिया एकाच दिशेने चालतात. ब्रह्मदेशाच्या बाबतीत त्या एकमेकींच्या विरुद्ध गेल्या.

शब्दाची अडचण

‘प्रदेश’ हा शब्द आपल्याकडे आधीच बऱ्याच कामाला जुंपलेला आहे. तो राज्यांच्या नावांत येतो, ‘प्रादेशिक पक्षां’त येतो आणि विदर्भ किंवा मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा करताना ‘प्रादेशिक असमतोल’ म्हणूनही येतो. या सर्व ठिकाणी प्रदेश हा राज्याहून किंवा राष्ट्राहून लहान असतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात तो राष्ट्राहून मोठा आणि जगाहून लहान असतो : अनेक राज्यसंस्थांचा समूह. उत्तरपत्रिकांमध्ये या दोन अर्थांची सरमिसळ वारंवार दिसते, म्हणून हा खुलासा.

आणखी एक भेद पुढे उपयोगी पडेल. सरकारे, लष्करी मुख्यालये, संघटना आणि विद्यापीठांचे विभाग ज्या सीमा आखतात, त्यांतून प्रदेशाची राजकीय घडण होते. लोकांचे स्थलांतर, सोयरीक, व्यापार, कर्जव्यवहार, तीर्थयात्रा आणि भाषा यांतून सामाजिक घडण होते. पहिलीला तारीख असते, दुसरीला सहसा नसते. पाठ्यपुस्तकांत पहिलीच जास्त येते, याचे एक कारण हेच असावे.

सिद्धान्तांचा थोडक्यात प्रवास

१९६० च्या दशकात प्रदेश ‘मोजण्याचे’ प्रयत्न झाले. ब्रूस रसेट यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात सांस्कृतिक साम्य, संयुक्त राष्ट्रांतील मतदान, व्यापार, संघटनांचे सामाईक सदस्यत्व आणि भौगोलिक जवळीक असे वेगवेगळे निकष लावून देशांचे गट पाडून पाहिले. प्रत्येक निकषाने वेगळा गट पडला. हा निष्कर्ष महत्त्वाचा होता : प्रदेश असा एक ठोस पदार्थ नाही, जो कोणत्याही तराजूत तेवढाच भरेल.

१९८३ मध्ये बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्राला ‘कल्पित समुदाय’ म्हटले. ते स्वतः आग्नेय आशियाचे अभ्यासक, त्यामुळे पुढे हाच विचार प्रदेशाला लावणे स्वाभाविक होते. आयव्हर न्यूमन यांनी १९९४ साली उत्तर युरोपच्या संदर्भात ते काम स्पष्टपणे केले. राष्ट्राच्या आधी जसे राष्ट्र घडवणारे येतात, तसे प्रदेशाच्या आधी प्रदेश घडवणारे येतात. राजकारणी, मुत्सद्दी आणि अभ्यासक एखाद्या भूभागाला सामाईक भूतकाळ आणि भविष्य देतात आणि ती कल्पना पसरवतात, असा त्यांच्या मांडणीचा आशय. म्हणून ‘हा प्रदेश आहे का?’ यापेक्षा ‘हा प्रदेश आहे असे कोण म्हणते आहे, आणि कशासाठी?’ हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटतो.

बॅरी बुझान यांची वाट वेगळी. प्रादेशिक सुरक्षा संकुलाची कल्पना त्यांनी १९८३ मध्ये मांडली, त्या वेळी त्यांचे ठळक उदाहरण दक्षिण आशियाचेच होते. ज्या देशांच्या सुरक्षेच्या चिंता एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, त्यांचे मिळून संकुल बनते. भारत आणि पाकिस्तान यांचे वैर हा या संकुलाचा कणा. ओले व्हेवर यांच्यासह २००३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या कल्पनेला रचनावादी जोड मिळाली : धोका हाही राजकीय भाषेतून घडवला जातो, त्यामुळे धोक्यांवर आधारलेला प्रदेशही घडवलेलाच.

अमिताव आचार्य यांनी आग्नेय आशियाच्या अभ्यासातून यात एक आवश्यक दुरुस्ती केली. प्रदेश फक्त महासत्तांनी लादलेले नसतात. तेथील नेते बाहेरच्या कल्पना आपल्या परंपरेत बसवून, त्यांना वळण देऊन स्वीकारतात. युरोपीय संघाच्या फूटपट्टीने साऱ्या जगाचे प्रदेश मोजण्याच्या सवयीला या मांडणीने चांगला धक्का दिला. भारतीय विद्यार्थ्यांना हे लेखन आवर्जून वाचायला सांगावे असे आहे.

‘रोधक’ म्हणजे कोण?

बुझान आणि व्हेवर यांच्या नकाशात ब्रह्मदेशाला एक खास नाव आहे. दोन सुरक्षा संकुले जेथे पाठीला पाठ लावून उभी असतात, तेथील देशाला ते जे म्हणतात त्याला मराठीत ‘रोधक’ म्हणता येईल. विजेच्या खांबावर तारेला धरून ठेवणारा, पण प्रवाह पुढे जाऊ न देणारा चिनी मातीचा तुकडा असतो तसा. ब्रह्मदेश हा दक्षिण आणि आग्नेय आशियातला रोधक, तर अफगाणिस्तान पश्चिमेकडचा. उपमा सुटसुटीत आहे आणि शीतयुद्धाच्या उत्तरार्धातील ब्रह्मदेशाचे वर्णन म्हणून चुकीचीही नाही. दिल्लीच्या सुरक्षाचिंतेत रंगून क्वचितच येत असे, आणि रंगूनच्या चिंतेत इस्लामाबाद येत नसे.

माझा आक्षेप उपमेत दडलेल्या काळाच्या अभावाला आहे. चिनी मातीचा तुकडा मुळातच प्रवाहाला अडवणारा असतो. ब्रह्मदेश तसा नव्हता. १९३१ च्या जनगणनेत रंगून शहराच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्या भारतीय होती. ओरिसा आणि आंध्र किनाऱ्यावरून हंगामी मजूर भाताच्या कापणीला आणि गिरण्यांमध्ये येत. तमिळ प्रदेशातील चेट्टियार सावकार इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतीला भांडवल पुरवत. तेथील तांदूळ बंगाल आणि मद्रासला जाई. हा प्रवाह इतका जोरात होता की त्याची आच लागली. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली, आणि काही वर्षांतच खालच्या ब्रह्मदेशातील मुख्य भातजिल्ह्यांची सुमारे एक चतुर्थांश जमीन चेट्टियारांच्या नावावर गेली. याच काळात, मे १९३० मध्ये, रंगूनच्या गोदीत भारतीयांविरुद्ध दंगल झाली. १९३८ मध्ये पुन्हा झाली.

यानंतर प्रवाह तोडण्याचे एकेक पाऊल पडत गेले. सायमन आयोगाने ब्रह्मदेश वेगळा करण्याची शिफारस केली. १९३२ च्या निवडणुकीत मात्र विभक्ततेला विरोध करणारे गट निवडून आले. याचा अर्थ ब्रह्मी मतदाराला हिंदुस्थानात राहायचे होते असा घेऊ नये. वेगळे झाल्यास हिंदुस्थानला मिळणाऱ्या घटनात्मक सुधारणांना आपण मुकू, ही भीती त्यामागे होती. जनमत असे दुपदरी असताना १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश वेगळा झाला. १९४२ मध्ये जपानी फौजा पुढे सरकल्या तेव्हा चार-पाच लाख भारतीय डोंगर आणि जंगले तुडवत पायी आसाम-बंगालकडे निघाले. किती वाटेत मेले याची खात्रीशीर गणती नाही. ब्रह्मी तांदळाचा बंद झालेला पुरवठा हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागील कारणांपैकी एक होते. म्हणजे ज्या प्रदेशाला नाव नव्हते तो प्रदेश तुटल्यावर काय होते, हे कलकत्त्याच्या रस्त्यांवर दिसले. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्या दोन वर्षांत दुकाने आणि व्यापार यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लाखोंच्या संख्येने भारतीय वंशाच्या लोकांना देश सोडावा लागला. चेन्नईतील बर्मा बाजार त्या परतलेल्यांसाठी उभा राहिला. मणिपूरच्या मोरे गावातील तमिळ वस्तीची मुळेही तेथेच आहेत.

या साऱ्याचा शेवट झाल्यावर जे उरले, त्याला सिद्धान्ताने ‘रोधक’ म्हटले. एखाद्या धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून ‘येथे नदी थांबते’ असे म्हणण्यासारखे हे आहे. विधान खोटे नाही, पण भिंत कोणी बांधली आणि कोणाची गावे बुडाली हे त्यातून कळत नाही. प्रदेश घडवलेला असतो असे म्हणणाऱ्या सिद्धान्ताने दोन प्रदेशांमधील पोकळी मात्र आपोआप असल्यासारखी धरावी, हे विसंगत आहे. पोकळीही घडवावी लागते.

बुझान यांच्या बाजूने दोन गोष्टी म्हणता येतील. पहिली, त्यांची चौकट विश्लेषणाची आहे, अस्मितेची नाही. ती राज्यांच्या सुरक्षाव्यवहाराचे वर्णन करते, लोकांच्या नातेसंबंधांचे नाही. दुसरी, संकुलांच्या सीमा बदलू शकतात हे ती मान्य करते. चीनच्या वाढत्या प्रभावामुळे दक्षिण आणि पूर्व आशियाची संकुले एकमेकांत गुंतत जातील, ही शक्यता त्या ग्रंथात आहे. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्याबाबत मात्र असे विचारावे लागेल की १९४२ च्या वाटेवरची किंवा १९६४ मध्ये बोटीत बसलेली माणसे ‘सुरक्षे’च्या व्याख्येत का येत नाहीत? त्यांना धोका होता, तो सरकारी निर्णयांतून निर्माण झालेला होता आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना भिडणारा होता. तरीही दोन राज्यांनी त्याला परस्परांच्या सुरक्षेचा प्रश्न म्हटले नाही, म्हणून संकुल बनले नाही. मोजमाप राज्याच्या तोंडून होणार असेल, तर राज्य ज्याविषयी गप्प राहते ते मोजले जाणार नाही.

१९५४ : तीन नकाशे

न्यूमन यांचा प्रश्न, म्हणजे कोण म्हणते आणि कशासाठी, येथे अधिक कामाला येतो. ‘आग्नेय आशिया’ हे नाव अभ्यासकांच्या लेखनात पूर्वीही होते, पण ते रूढ झाले युद्धाने. ऑगस्ट १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी माउंटबॅटन यांच्या हाताखाली आग्नेय आशिया कमांड स्थापन केली. तिचे मुख्यालय आधी दिल्लीत होते, मग सिलोनमधील कँडी येथे गेले. या कमांडच्या क्षेत्रात ब्रह्मदेश, मलाया आणि सुमात्रा होते, तसा सिलोनही होता. फिलिपीन्स नव्हता, तो मॅकआर्थर यांच्या कमांडखाली होता. म्हणजे आजची श्रीलंका ‘आग्नेय आशिया’त आणि आजचे फिलिपीन्स बाहेर, असा हा आरंभीचा नकाशा. सेनापतींच्या कामाची वाटणी होती ती.

१९५४ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. वसंत ऋतूत कोलंबोला भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया या पाच देशांचे पंतप्रधान भेटले. याच पाच देशांनी पुढे १९५५ ची बांडुंग परिषद बोलावली. या गटाला आज आपण कोणत्या घटकात शिकवू? तो ना दक्षिण आशिया, ना आग्नेय आशिया. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मनिला येथे सीटो हा लष्करी करार झाला. नावात ‘आग्नेय आशिया’, मुख्यालय पुढे बँकॉकला, पण सदस्यांत आग्नेय आशियातले फक्त थायलंड आणि फिलिपीन्स. पाकिस्तान मात्र सदस्य. आणि तिसरा नकाशा विद्यापीठांचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग १९४८ मध्ये सुरू झाला होता, कॉर्नेलमध्ये आग्नेय आशियाचा कार्यक्रम १९५० मध्ये. ब्रह्मी भाषा आणि इतिहास या दुसऱ्या कप्प्यात गेले. १९५८ च्या अमेरिकी कायद्याने परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला संरक्षणाच्या नावाखाली सरकारी पैसा मिळू लागला, तेव्हा हे कप्पे पक्के झाले. थेरवाद बौद्ध परंपरेने ब्रह्मदेश आणि श्रीलंका शतकानुशतके जोडलेले; दोघांच्या भिक्षूंनी परस्परांची दीक्षापरंपरा जिवंत ठेवली. पण विद्यापीठात त्या परंपरेचे दोन अभ्यासक दोन वेगळ्या मजल्यांवर बसू लागले.

न्यूमन यांची मांडणी हे सर्व टिपू शकते. तिची मर्यादा अशी की ती यशस्वी झालेल्या बांधकामांवर रेंगाळते. कोलंबोच्या पाच देशांचा नकाशा का टिकला नाही? त्याला बोलणारे, लिहिणारे लोक होते, आणि ते लहानसहान नव्हते. ‘प्रदेश बोलून-लिहून घडतो’ एवढ्यावर थांबले तर नेहरू आणि ऊ नू यांच्या पत्रव्यवहारातून एक प्रदेश उभा राहायला हवा होता. त्याला सचिवालय मिळाले नाही, पैसा मिळाला नाही, व्यापार मिळाला नाही, आणि १९६२ नंतर एका टोकाला दार बंद झाले. शब्दांमागे लाकूड-विटा लागतात. रचनावादाच्या सुलभ आवृत्त्या हे विसरतात, आणि मग विद्यार्थी ‘घडवलेले’ याचा अर्थ ‘खोटे’ किंवा ‘हवे तसे बदलता येणारे’ असा घेतात.

सार्कच्या यादीत ब्रह्मदेश नाही, यातही कट शोधण्याचे कारण नाही. बांगलादेशाचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी १९८० मध्ये प्रादेशिक सहकार्याचा प्रस्ताव पाठवला, त्याच्या आदल्याच वर्षी हवाना परिषदेत ब्रह्मदेश अलिप्ततावादी चळवळीतूनही बाहेर पडला होता. ने विन यांच्या सरकारला कोठेच जायचे नव्हते. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्याला सार्क स्थापन झाले ते सात देशांचे. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, श्रीलंकेने आसियानमध्ये येण्याची इच्छा दाखवली होती. ती मान्य झाली असती तर आज आपण कोणती यादी पाठ केली असती, याचा विचार करून पाहावा. म्यानमार आसियानमध्ये गेला २३ जुलै १९९७ रोजी, पाश्चात्त्य देशांचा विरोध असताना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो बंगालच्या उपसागराभोवतीच्या, पुढे बिमस्टेक म्हणून ओळखल्या गेलेल्या गटातही आला. २००८ पासून सार्कमध्ये तो निरीक्षक आहे. एक देश, तीन नोंदवह्या. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही, तरी पाठ्यपुस्तकात व्याख्या तिच्याच वहीतून येते.

सीमेवरची माणसे

आचार्य यांनी ‘स्थानिक’ घटकांना कर्तृत्व दिले, हे वर म्हटले. पण त्यांच्या मांडणीत स्थानिक म्हणजे बहुतांशी परराष्ट्रमंत्री, मुत्सद्दी आणि विचारगट. म्यानमारला आसियानमध्ये घेणारे स्थानिकच होते. त्या निर्णयानंतर राखाइनमधील रोहिंग्यांचे काय झाले, हे पाहिले तर स्थानिकतेचा हा अर्थ फार अरुंद वाटतो.

म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्व कायदा १८२३ पूर्वी देशात वसलेल्या समूहांना मूळचे मानतो. हे वर्ष पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाच्या आदले. म्हणजे इंग्रजी राजवटीने जोडलेला सगळा काळ वगळायचा आणि त्या काळात आलेले ते परके, असा हिशेब. रोहिंग्यांना तेथील सत्ताधारी त्यांच्या नावाने हाक मारत नाहीत, ‘बंगाली’ म्हणतात. या शब्दात एक प्रादेशिक विधान आहे : तुम्ही पलीकडच्या प्रदेशाचे. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ नदी आणि डोंगर ओलांडून बांगलादेशात आले. दक्षिण आणि आग्नेय आशिया यांमधली रेषा अभ्यासकांसाठी सोयीची असेल. येथे ती माणसांना घराबाहेर काढण्याचे समर्थन बनली. या पलायनाला आसियानने दीर्घकाळ एका सदस्याची अंतर्गत बाब मानले. सार्कच्या सनदेत द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेबाहेर ठेवलेले आहेत, आणि म्यानमार तर सदस्यही नाही. दोन प्रदेशांच्या फटीत पडलेला प्रश्न कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर पूर्ण येत नाही. ‘रोधक’ या संकल्पनेत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

विलेम व्हान शेंडेल यांनी २००२ मध्ये विचारलेला प्रश्न येथे आठवतो. प्रदेश-अभ्यासाची विभागणी काही भूभागांना ज्ञानाच्या केंद्रस्थानी आणते आणि काहींना सर्वच विभागांच्या कडेला ढकलते, असे त्यांनी दाखवले आणि ईशान्य भारत, उत्तर ब्रह्मदेश ते चीनच्या युन्नानपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्याला ‘झोमिया’ असे नाव दिले. पुढे जेम्स स्कॉट यांनी ते नाव प्रसिद्ध केले, पण शेंडेल यांचा मूळ मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. स्कॉट राज्यापासून पळणाऱ्या लोकांची भव्य कथा सांगतात. शेंडेल आपल्या विभागांच्या दारांवरच्या पाट्या वाचायला लावतात. सुनील अमृत यांचे बंगालच्या उपसागरावरचे २०१३ चे पुस्तक त्याच वाटेने समुद्रावर जाते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पाठ्यपुस्तकांनी इतिहासकारांचे हे काम अजून फारसे आत घेतलेले नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर चिन डोंगरांतून हजारो लोक तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले. पाठ्यपुस्तकानुसार ते आग्नेय आशियातून दक्षिण आशियात आले. मिझो लोकांच्या दृष्टीने ते भावकीतले. केंद्रीय गृहमंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये सीमेवरील राज्यांना हा ओघ रोखण्यास सांगितले. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून या लोकांना आश्रय देण्याची विनंती केली, आणि राज्यात चर्च, गावसंस्था आणि कुटुंबांनी त्यांना ठेवून घेतले. सीमेच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरपर्यंत डोंगरी जमातींना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारी व्यवस्था रद्द करण्याचा निर्णय केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला, सोबत कुंपणाचाही. त्याच महिन्याच्या अखेरीस मिझोराम विधानसभेने याविरुद्ध ठराव केला आणि लगेच नागालँडनेही.

तरीही ‘राज्ये तोडतात आणि लोक जोडतात’ असे सोपे सूत्र येथे चालणार नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ पासूनच्या हिंसाचारानंतर इंफाळ खोऱ्यातील मैतेई संघटना कुंपणाच्या मागणीत पुढे होत्या आणि तेथील राज्य सरकार त्यांच्या बाजूने होते. डोंगरातील कुकी-झो आणि नागा संघटनांनी विरोध केला. सामाजिक प्रदेशालाही आतून भिंती असतात, आणि त्या बांधणारे हात नेहमीच दिल्लीचे किंवा नेपिडॉचे नसतात. १९३० मध्ये रंगूनच्या गोदीतही नव्हते.